बोक्याची साखर

सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा या दोन वेळा मी बँकेच्या नोकरीत कधी काटेकोरपणे पाळल्या नाहीत. त्या निवृत्तीनंतर पाळाव्या लागल्या, आणि त्याही एका बोक्यासाठी. कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधिमंदिराकडून घंटेचा आवाज यायचा, आणि त्याच वेळी आमच्या ओट्यावर मी डोळ्यांवर चष्मा चढवून, सुई उजेडात धरून, एक-एक रेघ मोजत बसलेला असायचो. दर्शनाला आलेले लोक वाटेत थांबून बघत. एकाने तर विचारलेही, ‘काका, तुम्ही गुरांचे डॉक्टर का?’ मी म्हटले, ‘नाही, मी कारकून.’ ते उत्तर तसे बरोबरच होते. या दुखण्यात डॉक्टरइतकीच कारकुनाचीही गरज असते, हे मला पुढे कळले.

कपिलधार ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. बीडहून सोलापूरच्या रस्त्याने निघाले की मांजरसुंबा लागते, आणि तिथून आत वळले की बालाघाटच्या डोंगरात हे ठिकाण आहे. पावसाळ्यात कड्यावरून धार कोसळते. कपिलमुनींनी इथे तप केले अशी श्रद्धा आहे. ‘परमरहस्य’ लिहिणाऱ्या मन्मथस्वामींची समाधी इथे असल्यामुळे वीरशैव लिंगायत समाजाचे हे मोठे श्रद्धास्थान. कार्तिकी पौर्णिमेला लातूर-नांदेडकडून, कर्नाटकातून दिंड्या येतात आणि एरवी शांत असलेला हा डोंगर ‘शरणार्थ’च्या गजराने भरून जातो. मी १९८४ साली स्टेट बँक ऑफ हैदराबादमध्ये लागलो. मराठवाड्यात तिला सगळे नुसते ‘हैदराबाद बँक’ म्हणत. १ एप्रिल २०१७ रोजी ती स्टेट बँकेत विलीन झाली आणि पुढच्या वर्षी मी निवृत्तीत विलीन झालो. नोकरीच्या फटींतून चार कादंबऱ्या लिहिल्या होत्या, पाचवी डोक्यात होती. सौ.ची इच्छा म्हणून इथे दोन खोल्या बांधल्या. कादंबरी पुढे सरकली नाही. बोका मात्र आला.

मांजरसुंब्याच्या शेजारी राहून मांजराला नाही म्हणणे बरे दिसले नसते. पावसात भिजलेले एक पिवळे पिल्लू आत आले आणि थेट माझ्या जुन्या खतावणीवर जाऊन बसले. म्हणून त्याचे नाव ‘मुनीम’. पुढे त्याची नसबंदी केली. आमचे घर पूर्ण शाकाहारी. त्यामुळे मुनीम वाढला तो दूधभातावर, दूधपोळीवर आणि माझ्या चहाबरोबरच्या बिस्किटांवर. येणारे-जाणारेही त्याला काहीबाही घालत. पाच वर्षांत तो सात किलोंचा झाला. लोक कौतुकाने म्हणत, ‘बोका काय भरलाय!’ आम्हालाही ते कौतुकच वाटे.

२०२३ साली अधिक श्रावण होता आणि पावसाने ओढ दिली होती. ऑगस्ट जवळजवळ कोरडा गेला. अशा दिवसांत मुनीम पाणी फार पिऊ लागला, तेव्हा आम्ही उकाड्याला दोष दिला. तो बादलीच्या काठावर उभा राहून पीत असे, मोरीत टपकणाऱ्या नळाखाली जीभ धरून बसे. खाणे वाढले होते, तरी पाठीचे मणके हाताला लागू लागले. मग एक दिवस अंगणाच्या कोपऱ्यात त्याने जिथे लघवी केली होती तिथे मुंग्यांची रांग दिसली. आपल्या जुन्या वैद्यांनी या रोगाला मधुमेह का म्हटले, ते त्या मुंग्यांनी मला समजावून सांगितले. तरीही मी डॉक्टरांकडे गेलो नाही. गेलो तेव्हा, जेव्हा त्याची चाल बदलली. मांजर बोटांवर चालते. मुनीम मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून, म्हाताऱ्या माणसासारखा चालू लागला. कट्ट्यावर उडी घ्यायची म्हणून वर बघे, अंदाज घेई आणि तिथेच बसून राही.

बीडला ज्या डॉक्टरांकडे त्याला नेले ते सरळ माणूस. म्हणाले, ‘माझा हात बैलांवर बसलेला आहे. मांजराचा मधुमेह मी पुस्तकात वाचलाय, प्रत्यक्षात दोनदाच पाहिलाय.’ मला हे फार आवडले. कर्ज मागायला आलेल्या माणसाने आपले खरे उत्पन्न सांगावे, तसे ते वाटले. त्यांनी रक्त तपासले. साखर ४१२ निघाली. पण लगेच इंजेक्शन सुरू केले नाही. टोपलीत कोंडून, एसटीतून आणलेले मांजर घाबरलेले असते आणि नुसत्या भीतीने त्याची साखर तीनशेच्याही वर जाऊ शकते, असे ते म्हणाले. म्हणून घरी, तो शांत असताना, लघवीची पट्टी तपासायला सांगितली. मांजराच्या रक्तात साखर साधारण अडीचशे-पावणेतीनशेच्या पुढे गेली, की मूत्रपिंडाला ती आवरत नाही आणि लघवीत उतरते. शिवाय रक्ताचा एक नमुना पुण्याला पाठवला. फ्रुक्टोसामीन नावाची तपासणी असते. ती मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी सांगते. एका दिवसाची शिल्लक पाहून भागत नाही, खात्याचा उतारा मागवावा लागतो, तसेच हे. परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात त्यांच्या ओळखीचे एक प्राध्यापक होते, त्यांनाही त्यांनी फोन केला. उतारा आला. शंका उरली नाही.

मी डॉक्टरांना विचारले, ‘माणसांच्या गोळ्या नाही का चालणार?’ घरात सौ.च्या बहिणीच्या गोळ्या पडून होत्या. ते जवळजवळ ओरडलेच. माणसाच्या मधुमेहाच्या गोळ्या आपल्या मनाने मांजराला देणे हा जिवाशी खेळ आहे. अलीकडे परदेशात मांजरांसाठी तोंडाने द्यायची औषधे निघाली आहेत; अमेरिकेत २०२२ च्या डिसेंबरात पहिल्याला आणि २०२३ मध्ये दुसऱ्याला मान्यता मिळाली. पण तीही सगळ्या मांजरांना चालत नाहीत. रक्तात आम्ल साचून मांजर दगावण्याचा धोका असतो, म्हणून आधी तपासून निवड करावी लागते. आमच्यापुढे मार्ग एकच होता : इन्सुलिन, दर बारा तासांनी, कातडीखाली.

इन्सुलिनची गोष्ट मी तोवर नीट वाचलेली नव्हती. १९२१ साली टोरंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले आणि ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले गेले. त्याचे पेटंट टोरंटो विद्यापीठाला नाममात्र एका डॉलरला देऊन टाकण्यात आले. आयुष्यभर तारण मोजलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून काय वाटले असेल, ते वाचकांनीच ओळखावे. त्यानंतर साठ वर्षे माणसे गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्सुलिनवर जगली. १९८२ मध्ये जंतूंकडून बनवून घेतलेले मानवी इन्सुलिन बाजारात आले. मांजराचे इन्सुलिन गाईच्या इन्सुलिनच्या सर्वांत जवळचे, फक्त एका दुव्याचा फरक. आणि रोगाचे म्हणाल, तर कुत्र्यापेक्षा मांजराचा मधुमेह आपल्याशी अधिक जुळतो. तेच वाढलेले वजन, तेच बसून राहणे, आणि स्वादुपिंडात साचणारे तसेच एक प्रथिन. मुनीमला दिले ते २००० च्या सुमारास माणसांसाठी निघालेले ग्लार्जीन. जनावरांनी शंभर वर्षांपूर्वी दिलेले उसने आम्ही एका जनावराला फेडत होतो, असे मी सौ.ला म्हणालो. ती म्हणाली, ‘आधी सुई नीट धरा.’

पहिला खरा पेच इंजेक्शनचा नव्हता, जेवणाचा होता. डॉक्टर म्हणाले, भात, पोळी, बिस्किट बंद. मांजर हा मुळात मांसाहारी प्राणी. त्याला गोड चवच कळत नाही. ती चव ओळखणारे जनुक मांजराच्या कुळात मोडलेले आहे, हे २००५ साली सिद्ध झाले आहे. आम्ही इतकी वर्षे त्याला गोड बिस्किटे घालत होतो आणि तो ती तुपासाठी खात होता! आता त्याला अंडे, मासे, कोंबडी किंवा मांजरांसाठी मिळणारे ओले डबाबंद खाणे द्यायचे. माझ्या घरात चार पिढ्यांत अंडे आलेले नाही. तेही कुठे, तर कपिलधारला. मी दोन दिवस गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी सौ.नेच विषय काढला. ‘अहो, तो उंदीर खातो तेव्हा आपण कधी प्रायश्चित्त घेतलंय का? त्याचा धर्म त्याला, आपला आपल्याला. दुधभात खाऊ घालून आपण त्याला बाटवलंय खरं तर.’ मात्र तिने अट घातली. घरात शिजवायचे नाही. बीडहून मांजराच्या खाण्याची पाकिटे आणायची, ती अंगणात उघडायची, आणि कोंबडी लागेल तेव्हा शेजारच्या आक्काच्या चुलीवर शिजवून आणायची. आक्काची गोष्ट पुढे येणार आहे.

आता माझ्या चुकीची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

इन्सुलिन ‘युनिट’मध्ये मोजतात. आपल्याकडे बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात : एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटची आणि १०० युनिटची. त्या-त्या बाटलीची सुई वेगळी. चाळीसच्या सुईचे टोपण लाल, शंभरच्या सुईचे नारिंगी. मुनीमची बाटली शंभरची होती. डॉक्टरांनी दिलेल्या पहिल्या सुया नारिंगी टोपणाच्या होत्या. सुरुवात एका युनिटने केली. पुढे आकडे पाहून त्यांनी दोन केले. महिनाभराने सुया संपल्या. मी दुकानात जाऊन नुसते म्हटले, ‘इन्सुलिनच्या सुया द्या.’ मिळाल्या त्या लाल टोपणाच्या. मी पाहिलेही नाही. संध्याकाळी सहाला नेहमीसारख्या दोन रेघा भरल्या. चाळीसच्या सुईवरची एक रेघ म्हणजे शंभरच्या बाटलीतले अडीच युनिट. मी दोन समजून पाच युनिट दिले होते.

रात्री अकराच्या सुमारास मुनीम विचित्र आवाजात ओरडला. उठून पाहतो, तर दारू प्यायल्यासारखा झुलत होता, आणि पाहता पाहता एका कुशीवर पडला. साखर मोजली : ३६. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दिले होते म्हणून हात चालले. बोटाला मध लावून हिरड्यांवर चोळला; तोंडात पाणी ओतले नाही, कारण शुद्ध हरपलेल्या जनावराच्या ते फुफ्फुसात जाते. दहा मिनिटांनी त्याने मान उचलली. मग खायला घातले, डॉक्टरांना फोन केला, आणि पहाटेपर्यंत दर अर्ध्या तासाने कानाला टोचून मोजत बसलो. ५२, ६१, ४८, पुन्हा मध, ७०. उजाडता उजाडता ११४. सौ. कचऱ्याच्या डब्याशी वाकली आणि एक टोपण उचलून म्हणाली, ‘अहो, आधीची टोपणं नारिंगी होती ना?’

चौतीस वर्षे मी दुसऱ्यांच्या हिशोबातल्या चुका काढल्या. स्लिपवरचा आकडा आणि खात्यावरचा आकडा जुळल्याशिवाय सही केली नाही. आणि इथे बाटलीवरचा १०० आणि सुईवरचा ४० एकमेकांशेजारी असताना मला दिसले नाहीत. दुकानदाराला मी काय दोष देणार? मीच अर्धवट मागणी केली होती. तेव्हापासून बाटली आणि सुई शेजारी धरून दोन्हींवरचे आकडे मोठ्याने वाचायचे, आणि सौ.ने ‘हो’ म्हटल्याशिवाय टोचायचे नाही, असा नियम केला. बँकेत याला दोन सह्यांची पद्धत म्हणतात. ज्यांच्या घरात माणसासाठी इन्सुलिन आहे त्यांनीही ही पद्धत सुरू करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मग मी खतावणी काढली. तीच, जिच्यावर तो पहिल्या दिवशी येऊन बसला होता. तारीख, वेळ, साखर, खाल्ले काय व किती, डोस, शेरा. कानाच्या कडेला व्हॅसलिनचे बोट लावून बारीक टोचायचे, म्हणजे थेंब पसरत नाही. माणसांचे यंत्र मांजराची साखर जरा कमी दाखवते, हे लक्षात ठेवायचे. महिन्यातून एकदा दर दोन तासांनी दिवसभराचे आकडे घ्यायचे आणि तो कागद डॉक्टरांना दाखवायचा. ध्येय ‘नॉर्मल’ आकड्याचे नसते. साखर लघवीत उतरणार नाही इतकी खाली आणि तो झुलणार नाही इतकी वर ठेवायची. माझी सर्वांत मोठी खोड म्हणजे एक वाईट आकडा दिसला की डोस बदलावासा वाटणे. ती डॉक्टरांनी मोडली. ‘मी सांगितल्याशिवाय बदलायचं नाही. आणि त्याने खाल्लं नाही, तर डोस द्यायच्या आधी मला फोन,’ असे ते बजावत.

वीज गेली की बाटलीची चिंता. ती २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे, पण गोठता कामा नये. फ्रीज बंद पडला की आम्ही बाटली प्लॅस्टिकच्या डबीत घालून, ती ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशी ठेवत असू. त्यावर दिवस निघतो, आठवडा निघत नाही.

त्या वर्षी कार्तिकी पौर्णिमा २७ नोव्हेंबरला होती. ओट्यावर दिंडीतली माणसे टेकलेली. सहा वाजले, मी डबी काढली. तेवढ्यात शेजारी बसलेल्या एका वृद्ध शरणांनी आपल्या पिशवीतून तशीच डबी काढली. मुनीमला मी टोचले, त्यांनी स्वतःला टोचून घेतले. मग त्यांनी बोक्याकडे पाहून हात जोडले आणि म्हणाले, ‘शरणार्थ.’ दोघेही नंतर जेवले.

डिसेंबरात आकडे उतरू लागले. वजन साडेपाच किलोंवर स्थिरावले, टाचा जमिनीवरून उठल्या. दोनाचा एक झाला, आणि २०२४ च्या जानेवारीत डॉक्टरांनी इन्सुलिन थांबवले. काही मांजरांच्या बाबतीत, लवकर उपचार आणि योग्य खाणे मिळाले, तर असे होते. याला ‘बरा झाला’ म्हणायचे नाही, रोग माघारला म्हणायचे. तो परत येऊ शकतो. मुनीमचा अजून परतलेला नाही. पंधरा दिवसांनी एकदा कान टोचून घेतो आणि माझ्याकडे तुच्छतेने पाहतो.

गोष्ट इथे संपली असती तर मी सुखाने पुरवणीला ‘गमतीदार अनुभव’ म्हणून पाठवली असती. पण आक्का राहिली.

आक्का शेजारच्या वाडीतली. वय पन्नाशीचे. नवरा-बायकोचा एक कोयता. दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे आणि पाडव्याच्या आगेमागे परतायचे. ती मुनीमची कोंबडी शिजवून द्यायची, त्याचे पैसे मी तिला देत असे. सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी तो बादलीवर वाकून पीत होता. ती उभी राहून बघत होती. म्हणाली, ‘सायेब, त्याला साखर हाय म्हून त्यो एवढं पानी पितो?’ मी म्हटले, हो. ती थोडा वेळ थांबून म्हणाली, ‘मला बी असंच व्हायलंय की. रातच्याला चार-पाच डाव उठावं लागायलंय. पायाला मुंग्या येत्यात.’

मी तिच्या बोटाला सुई लावली. यंत्र तेच, पट्टी तीच. ३८४.

महिनाभर ती रोज माझ्या दारात येत होती. मी बोक्याच्या लघवीतल्या मुंग्या पाहिल्या होत्या, त्याची चाल पाहिली होती. माझ्या खतावणीची सात पाने भरली होती. या बाईला मी एकदाही विचारले नव्हते, की आक्का, तू इतकी का वाळलीस?

तिला बीडला नेले, गोळ्या सुरू झाल्या. ऑक्टोबरात आकडा दोनशेच्या खाली आला. खतावणीत तिचे पान उघडले. पण उचल आधीच घेतलेली होती. मुकादमाची उचल घेतली की जावेच लागते. आणि तिथे एक दिवस काम चुकले की खाडा, म्हणजे मजुरी तर जातेच, वर दंड बसतो. तीन महिन्यांच्या गोळ्या बांधून दिल्या, पायात चपलेऐवजी बूट घाल म्हणून सांगितले. फोन दोनदा आला. दुसऱ्यांदा म्हणाली, गोळ्या कोपीत उंदरांनी नेल्या, आणि दवाखाना लांब आहे, खाडा पडतो.

२०२४ च्या पाडव्यानंतर ती आली, ती उजव्या पायाचे करंगळीजवळचे बोट गमावून. उसाच्या बुडख्याने झालेली जखम तिला कळलीच नव्हती. संवेदना गेलेल्या पायाला दुखत नाही. मुनीमही तसाच टाचा टेकवून चालला होता, कारण त्याच्या पायांच्या शिराही साखरेने बधिर केल्या होत्या. त्याच्या शिरा सुधारल्या. त्याला खाडा नव्हता.

बोक्यावर खर्च केला याचा मला पश्चात्ताप नाही. महिन्याचे दीड-दोन हजार मी त्याच्यावर खर्चले नसते तर ते आक्काकडे गेले असते, असे म्हणणे खोटे आहे. ते माझ्या पासबुकातच पडून राहिले असते. उलट बोका आजारी पडला नसता तर यंत्रही घरात आले नसते. एवढे मात्र खरे, की त्याच्याकडे मी जसे पाहिले तसे तिच्याकडे पाहायला मला तिनेच सांगावे लागले.

आता आक्का इन्सुलिनवर आहे. तिची बाटली चाळीसची, म्हणून तिच्या सुयांचे टोपण लाल. बाटली आमच्या फ्रीजमध्ये असते. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला ती ओट्यावर येते. मी आकडा वाचतो, ती तो पुन्हा म्हणते, सौ. ‘हो’ म्हणते. मुनीम शेजारी बसून अंग चाटतो. त्याच्या पानावर पंधरा दिवसांनी एक ओळ भरते, तिच्या पानावर रोज दोन.

पुढच्या हंगामाला ती गेली नाही. उचल फिटायची राहिली होती. तिच्या जागी सून गेली.